औषध हरलं, की पोटात गेलंच नाही?

व्हायरल लोडचा अहवाल येतो. एक मिलिलिटर रक्तात एचआयव्हीच्या ४८,००० प्रती. दोन वर्षं उपचार घेतलेल्या माणसाच्या रक्तात हा आकडा पन्नासच्या आत असायला हवा. समोर बसलेला माणूस म्हणतो, "गोळ्या घेतोय. नेमानं घेतोय." दवाखाना छोटा आहे, मोठी प्रयोगशाळा दोन दिवसांच्या अंतरावर आहे आणि कपाटात बदलून द्यायला औषधांचे मोजके दोन-तीन प्रकार आहेत. आता काय करायचं?

शक्यता दोनच. विषाणू बदललाय आणि औषधाला दाद देत नाही, ही एक. विषाणू आहे तसाच आहे, पण औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, ही दुसरी. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, उपाय मात्र एकमेकांच्या उलट. पहिल्या प्रकारात तीच गोळी चालू ठेवली तर रोग पुढे सरकतो. दुसऱ्यात गोळी बदलली तर एक चांगलं औषध विनाकारण हातचं जातं, आणि नवीन औषधही त्याच कारणानं फसतं.

या दोहोंत फरक करण्यासाठी औषधरोधाची चाचणी असते. श्रीमंत देशांत ती निदान झाल्याबरोबर करतात आणि उपचार फसले की पुन्हा करतात. जगातले बहुतेक एचआयव्हीबाधित जिथे राहतात, तिथे मात्र ती बहुतेकांच्या वाट्याला कधीच येत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ती सरळसरळ हेळसांड वाटली होती. थोडी आहेही. पण खोलात गेल्यावर लक्षात आलं की चाचणी नसणं ही अर्धीच गोष्ट आहे.

धांदरट नकलनवीस

एचआयव्हीचा सगळा मजकूर जेमतेम ९,७०० अक्षरांचा. पेशीत शिरल्यावर त्याला आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करावी लागते आणि ते काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर करतं. हा नकलनवीस फार धांदरट आहे. आपल्या पेशींतली यंत्रणा लिहिलेलं पुन्हा तपासून पाहते, हा पाहत नाही. तीनएक प्रती काढल्या की त्यातल्या एकीत एखादं अक्षर हमखास चुकतं. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १,००० कोटी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे एका अक्षराची जी जी चूक होऊ शकते, ती रोजच्या रोज कुठे ना कुठे होऊन जाते.

बहुतेक चुकांनी विषाणूचंच वाटोळं होतं. पण एखादी चूक नेमकी औषध जिथे जाऊन बसतं त्या जागेवर होते. एरवी असा विषाणू गर्दीत कुणाच्या खिजगणतीतही नसतो, किंबहुना थोडा अशक्तच असतो. औषध सुरू झालं की बाकीचे मरतात आणि याला रान मोकळं मिळतं. औषध रोध निर्माण करत नाही. गर्दीत आधीच असलेल्याला ते निवडून पुढे आणतं.

१९८७ साली झिडोव्हुडिन हे पहिलं औषध आलं तेव्हा ते एकटंच दिलं जायचं, आणि काही महिन्यांत विषाणू त्याला पुरून उरायचा. १९९६च्या सुमाराला तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि चित्र पालटलं. एकाच विषाणूत तिन्ही औषधांना चकवणाऱ्या चुका एकदम होणं जवळजवळ अशक्य. शिवाय तिन्ही औषधं रक्तात पुरेशी असली की नक्कल होणंच थांबतं. नक्कलच नाही, तर चूक कुठून होणार?

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकायला विचित्र वाटते. एकही गोळी न घेणाऱ्याच्या शरीरात औषधरोध वाढत नाही, कारण तिथे त्याचा विषाणूला काही उपयोगच नसतो. रोजची गोळी न चुकवणाऱ्याच्या शरीरातही तो सहसा वाढत नाही. धोका मधल्या पट्ट्यात असतो: रक्तात औषध आहे, पण पुरेसं नाही.

या मधल्या पट्ट्यात माणूस स्वतःच्या हलगर्जीपणानंच पोहोचतो असं नाही. दवाखान्यातला साठा संपतो. गाडीभाड्याचे पैसे नसतात. घरात कुणाला कळू नये म्हणून डबी लपवावी लागते. क्षयरोग झाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं की ते यकृताला कामाला लावून कित्येक एचआयव्ही औषधांचा लवकर निचरा करतं. डोल्युटेग्रावीर हे आजचं मुख्य औषध तर अशा वेळी दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावं लागतं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी त्याच्यासोबतच घेतली, तरी ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. यातल्या एकाही कारणासाठी रुग्णाला दटावून काही उपयोग नाही.

साठा संपण्यातली एक मेख तर फारच वाईट होती. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ही जुनी औषधं गोळी थांबवल्यावरही बरेच दिवस रक्तात रेंगाळतात. सोबतची दोन औषधं त्याआधीच निघून जातात. म्हणजे माणसानं तिन्ही एकदम थांबवली तरी विषाणूच्या दृष्टीनं मागे एकच औषध शिल्लक राहतं, तेही हळूहळू विरळ होत जाणारं. औषधरोधाला याहून सोयीची परिस्थिती मुद्दाम ठरवूनही तयार करता आली नसती.

नेव्हिरापिनची ही शेपूट आणखी एका ठिकाणी नडली. प्रसूतीच्या वेळी आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस, एवढ्यानं बाळाला होणारी लागण जवळजवळ निम्म्यानं कमी होते, असं युगांडातल्या चाचणीतून १९९९ साली समोर आलं. स्वस्त, सोपं, कुठेही देता येईल असं. त्यानं असंख्य मुलं वाचली. पण त्या एकाच गोळीनं कित्येक आयांच्या शरीरात नेव्हिरापिनला दाद न देणारा विषाणू वर आणून ठेवला. पुढे त्यांच्या स्वतःच्या उपचारांची वेळ आली, तेव्हा ज्यांनी हा डोस अलीकडेच घेतला होता त्यांच्यात नेव्हिरापिनवर आधारलेले उपचार जास्त वेळा फसले. निर्णय चुकला होता असं मी म्हणणार नाही, त्या वेळी हाताशी तेवढंच होतं. पण त्याची किंमत कुणी चुकवली हे लक्षात असलेलं बरं.

१८४ क्रमांकाची जागा

औषधरोधाच्या अहवालात एम१८४व्ही, के१०३एन, के६५आर अशी अक्षरं-आकडे दिसतात. त्यातलं एक उलगडून पाहू, बाकीचं आपोआप कळेल.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे प्रथिन, म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यातला १८४ वा मणी मूळ विषाणूत मेथिओनिन असतो, त्याची खूण 'एम'. जनुकात तो ए-टी-जी असा लिहिलेला असतो. नकलनवीस चुकून ए-च्या जागी जी लिहितो, जी-टी-जी होतं आणि मणी बदलून व्हॅलिन होतो, म्हणजे 'व्ही'. झालं एम१८४व्ही. एक अक्षर, बस्स. व्हॅलिनला एक फाटा असतो, तो बाहेर येतो आणि लॅमिव्हुडिन या औषधाच्या रेणूला जागेवर बसूच देत नाही. नकलेसाठी लागणाऱ्या खऱ्या कच्च्या मालाला मात्र तो फारसा अडवत नाही. त्यामुळे विषाणूचं काम चालू राहतं आणि औषध बाहेर ताटकळतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठाची एक खुली माहितीपेढी आहे. जगभरच्या प्रयोगशाळा विषाणूचा वाचलेला मजकूर तिथे टाकतात आणि ती प्रत्येक बदलाला प्रत्येक औषधासमोर गुण देते. बेरीज दहाच्या आत असली तर औषध चालतं, साठ किंवा वर गेली तर पक्का रोध, मध्ये तीन पायऱ्या. एम१८४व्हीला लॅमिव्हुडिनसमोर एकट्यालाच साठ गुण मिळतात. म्हणजे अहवालावर लॅमिव्हुडिनपुढे लाल शेरा.

पण त्याच बदलाला टेनोफोवीर या दुसऱ्या औषधासमोर उणे दहा गुण आहेत. म्हणजे लॅमिव्हुडिनला चकवणारा हा विषाणू टेनोफोवीरला जास्तच बळी पडतो. शिवाय तो अशक्त असतो, पूर्वीच्या वेगानं वाढू शकत नाही. म्हणून लाल शेरा दिसत असूनही डॉक्टर लॅमिव्हुडिन बऱ्याचदा मुद्दाम चालू ठेवतात. तो अशक्त विषाणूच राज्य करत राहावा आणि मूळचा धडधाकट परत येऊ नये, हा हिशेब. अहवाल वाचणाऱ्याला हे माहीत नसेल तर चाचणी असूनही निर्णय चुकू शकतो.

रक्ताच्या नळीपासून अहवालापर्यंत

चाचणी म्हणजे विषाणूचा मजकूर वाचणं. रक्तातून विषाणूचं आरएनए वेगळं करायचं, त्याचं डीएनए करायचं, हव्या त्या भागाच्या लाखो प्रती काढायच्या आणि मग एकेक अक्षर वाचायचं. विषाणूला खऱ्याखुऱ्या औषधात वाढवून पाहण्याचाही एक प्रकार आहे, पण तो इतका महाग आणि संथ आहे की इथे त्याचा विचार सोडून दिलेला बरा.

हे सगळं करायला खर्चिक यंत्रं, खंड न पडणारी वीज, प्रशिक्षित माणसं आणि वेळेवर येणारी रसायनं लागतात. रक्तातला प्लाझ्मा उणे ७०-८० अंशांना गोठवून न्यावा लागतो. त्यावर तोड म्हणून गाळणकागदाचं कार्ड वापरतात. कार्डावर पाच गोल छापलेले असतात, प्रत्येकात रक्ताचा थेंब टाकायचा, रात्रभर सुकू द्यायचं, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं आणि पाठवून द्यायचं. दोनेक आठवडे ते बर्फाशिवाय टिकतं. मात्र त्यात रक्ताच्या पेशीही सुकतात, आणि त्या पेशींत दडून बसलेला विषाणूचा जुना डीएनएही आजच्या विषाणूसोबत वाचला जातो.

पैशाचा हिशेब आणखी टोचणारा आहे. २०१७ साली झालेल्या करारानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना टेनोफोवीर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रावीर एकत्र असलेली गोळी माणशी वर्षाला सुमारे ७५ डॉलरला मिळू लागली. अक्षरं वाचणारी एक चाचणी बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या पुढे जाते. एका चाचणीच्या पैशात एका माणसाची वर्षाची गोळी येते आणि वर काही उरतंही. ज्या खात्याकडे पैसे मोजकेच आहेत, त्यानं काय निवडावं?

शिवाय चाचणीला स्वतःच्या मर्यादा आहेत. रक्तात विषाणूच्या निदान हजारएक प्रती नसतील तर मजकूर नीट वाचता येत नाही. नेहमीच्या पद्धतीला एकूण विषाणूंपैकी पंधरा-वीस टक्क्यांहून कमी असलेला गट दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रक्त केव्हा घेतलं ते. औषध थांबवलं की मूळचा विषाणू परत वर येतो आणि बदललेला खाली जातो. एम१८४व्ही असा काही आठवड्यांत दिसेनासा होतो. के१०३एन, जो नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ दोघांनाही निकामी करतो, तो विषाणूला फारसा जड जात नाही, म्हणून महिनोन्महिने दिसत राहतो. गोळ्या सोडून तीन महिने झालेल्या माणसाचा अहवाल स्वच्छ आला, तर त्याचा अर्थ रोध नाही असा होत नाही. तो पेशींतल्या डीएनएत जपून ठेवलेला असतो, ते औषध पुन्हा सुरू केलं की बाहेर येतो. म्हणून रक्त घ्यायचं ते गोळ्या चालू असताना, किंवा थांबवल्यापासून फार तर चार आठवड्यांत.

एकाची नाही, सगळ्यांची चाचणी

हे सगळं पाहून जागतिक आरोग्य संघटनेनं वेगळा रस्ता धरला. प्रत्येक रुग्णाचा विषाणू वाचत बसायचं नाही. सगळ्यांना एकच ठरलेली गोळी, तपासणीला व्हायरल लोड, आणि औषधरोध मोजायचा तो देशभरातून निवडलेल्या नमुन्यांत. व्हायरल लोड हजाराच्या वर गेला तर आधी समुपदेशन, तीनएक महिन्यांनी पुन्हा तपासणी, तरीही वरच असला तर दुसऱ्या फळीची औषधं. समुपदेशनानंतर बऱ्याच जणांचा आकडा औषध न बदलताच खाली येतो.

अशा नमुना पाहण्यांचा उपयोग २०१७ साली दिसला. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या ११ देशांपैकी ६ देशांत, उपचार सुरू करायला आलेल्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त लोकांत नेव्हिरापिन-एफाव्हिरेन्झच्या गटाला रोध आधीच होता. दहा टक्के ही संघटनेनं ठरवलेली मर्यादा, ती ओलांडली की पहिल्या फळीचं औषधच बदलायचं. मुलांची स्थिती तर याहून बिकट होती: सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या पाहण्यांत नव्यानं निदान झालेल्या जवळजवळ निम्म्या अर्भकांत औषधरोध सापडला. कुणा एका बाळाचा अहवाल त्याच्या डॉक्टरला मिळाला नसेल, पण सगळ्यांच्या अहवालांनी मिळून धोरण बदललं. पहिल्या फळीत डोल्युटेग्रावीर आलं.

डोल्युटेग्रावीर हे वेगळ्या विकराला, इंटिग्रेजला, रोखतं आणि तिथे फार घट्ट बसतं. नेव्हिरापिन एका चुकीनं गारद व्हायचं, याला हरवायला विषाणूला सहसा बऱ्याच खटपटी कराव्या लागतात. युगांडा, केनिया आणि झिंबाब्वेतल्या ४६४ रुग्णांवर झालेल्या नाडिया चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली आले. पहिल्या फळीची औषधं फसलेल्या या लोकांपैकी अर्ध्यांना डोल्युटेग्रावीर आणि अर्ध्यांना दारुनावीर हे दुसरं औषध दिलं होतं. वर्षभरानंतर दोन्ही गटांत दहापैकी नऊ जणांचा विषाणू दबलेला होता. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच: ज्यांच्या अहवालानुसार सोबतची दोन्ही औषधं निकामी असायला हवी होती, त्यांच्यातही उपचार तितकेच चालले. कागदावर हरलेलं टेनोफोवीर शरीरात काम करत होतं.

आणि चाचणी केल्यानं खरंच फरक पडतो का, हेही तपासून झालं. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत ८४० रुग्णांच्या अभ्यासात अर्ध्यांची उपचार फसल्यावर औषधरोध चाचणी केली, अर्ध्यांना नेहमीच्या नियमानं पुढे नेलं. नऊ महिन्यांनी विषाणू दबलेल्यांचं प्रमाण एका गटात ६३ टक्के, दुसऱ्यात ६१. म्हणजे फरक नाहीच. अहवालानं कोणती गोळी द्यायची ते सांगितलं, पण ती रोज घेतली जाईल याची सोय तो कुठून करणार?

मग चाचणी नकोच का? तसंही नाही. डोल्युटेग्रावीरचा किल्ला अभेद्य नाही, हे आता दिसू लागलंय. त्याच नाडिया चाचणीत दारुनावीर घेणाऱ्या एकातही त्या औषधाला रोध आला नाही, डोल्युटेग्रावीर घेणाऱ्या मोजक्या काहींत मात्र आला. २०२४च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं काही देशांतल्या पाहण्या मांडल्या. हे औषध घेऊनही व्हायरल लोड वर राहिलेल्यांत डोल्युटेग्रावीरला रोध ३.९ ते ८.६ टक्के, आणि व्हायरल लोड जास्त असतानाच जुन्या औषधांवरून यावर आणलेल्यांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत सापडला. डोल्युटेग्रावीर घेणाऱ्या बहुसंख्य लोकांचा विषाणू उत्तम दबलेला आहे, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. पण जुन्या पद्धतीच्या चाचण्या इंटिग्रेजचा भाग वाचतच नव्हत्या. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते आणि ती करणाऱ्या प्रयोगशाळा आणखी कमी.

म्हणजे फिरून आपण त्या ४८,०००च्या अहवालापाशी. आज ती गोळी बहुधा डोल्युटेग्रावीरची असणार, आणि आकडा वर असलेल्या दहापैकी नऊएक जणांत रोध सापडणारच नाही. सगळ्यांचं रक्त शंभर डॉलरच्या चाचणीला पाठवणं परवडणारं नाही, कुणाचंच न पाठवणं त्या एकाच्या जिवावर बेतणारं. चाळणी हवी, आणि ती स्वस्तात हवी.

अशी एक चाळणी तयार होते आहे, ती लघवीची पट्टी. गरोदरपणाच्या चाचणीसारखी दिसते, काही मिनिटांत रेघ उमटते आणि मागच्या काही दिवसांत टेनोफोवीर शरीरात गेलं की नाही ते सांगते. व्हायरल लोड वर आणि लघवीत औषध नाही, तर विषाणूपर्यंत गोळी पोहोचतच नाही. इथे बोलायचं, अडचण शोधायची. व्हायरल लोड वर आणि लघवीत औषध आहे, तर मात्र संशय घ्यायला जागा आहे. मोजक्या चाचण्यांतली एक खर्ची घालायची ती या माणसासाठी.

पट्टीलाही चकवता येतं. तपासणीच्या तारखेआधी तीन-चार दिवस न चुकता गोळ्या घेणारे लोक जगभर सापडतात, जसे दातांच्या डॉक्टरकडे जायच्या दिवशी दोनदा दात घासणारे. पट्टीवर रेघ नीट उमटते, रक्त प्रयोगशाळेत जातं, काही आठवड्यांनी स्वच्छ अहवाल येतो. समुपदेशक कागद बाजूला ठेवतात, खुर्ची थोडी पुढे ओढतात आणि विचारतात, "गोळीची डबी घरात नेमकी कुठे ठेवता?"